विश्लेषण : मोटरमधील पोलादावर ताण आला की वीज का वाया जाते? हिंजवडी-चाकणच्या ई-वाहन उद्योगासाठी हा प्रश्न महत्त्वाचा का?

ई-वाहनाचा विषय निघाला की चर्चा बॅटरी, रेंज आणि चार्जिंग या तीन गोष्टींभोवतीच फिरते. मात्र बॅटरीतील वीज चाकापर्यंत पोहोचवणाऱ्या मोटरमध्ये आणखी एक घटक असतो. त्याचा उल्लेख शोरूममधील माहितीपत्रकात कधीच नसतो. तो म्हणजे इलेक्ट्रिकल स्टीलचे कागदासारखे पातळ शेकडो पत्रे. हे पत्रे कापताना, एकावर एक जोडताना आणि मोटरच्या आवरणात घट्ट बसवताना त्यांच्यावर यांत्रिक ताण येतो. त्यामुळे त्यांचे चुंबकीय गुण बिघडतात आणि विजेचा काही भाग केवळ उष्णता होऊन वाया जातो. हिंजवडीत संगणकावर आखलेली मोटर आणि चाकण-भोसरीच्या कारखान्यात प्रत्यक्ष तयार झालेली मोटर यांच्या आकड्यांत फरक पडतो, त्यामागच्या कारणांत हे एक मोठे कारण आहे.

मोटरमध्ये पोलाद कशाला लागते?

मोटरचे दोन मुख्य भाग असतात. स्थिर राहणारा स्टेटर आणि फिरणारा रोटर. स्टेटरच्या दात्यांभोवती तांब्याची वाइंडिंग असते. तिच्यातून वीज गेली की चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि ते रोटरला ओढून फिरवते. हे क्षेत्र हवेतून नेणे कठीण असते, पोलादातून ते सहज वाहते. त्यामुळे तांबे विजेचा रस्ता, तर पोलाद चुंबकत्वाचा रस्ता ठरते.

हे पोलाद साधे नसते. त्यात साधारण तीन टक्क्यांपर्यंत सिलिकॉन मिसळलेले असते. सिलिकॉनमुळे पोलादाचा विद्युत रोध वाढतो. शिवाय स्टेटर एकसंध ठोकळ्याचा नसतो. पातळ पत्रे कापून, त्यावर विद्युतरोधक लेप देऊन, त्यांची चळत रचली जाते. कारखान्यात या पत्र्यांना लॅमिनेशन किंवा स्टॅम्पिंग म्हणतात. ई-वाहनाच्या मोटरमध्ये हे पत्रे साधारण ०.२० ते ०.३५ मिलिमीटर जाडीचे असतात. म्हणजे ०.३० मिलिमीटरचा पत्रा वापरला, तर १२० मिलिमीटर लांबीच्या स्टेटरमध्ये सुमारे ४०० पत्रे बसतात.

चुंबकीय हानी म्हणजे काय?

मोटर फिरते तेव्हा पोलादातील चुंबकत्वाची दिशा सेकंदाला शेकडो वेळा उलटसुलट होते. प्रत्येक उलटापालटीत थोडी ऊर्जा खर्ची पडते. तिला हिस्टेरिसिस हानी म्हणतात. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे पत्र्यातच छोटे विद्युतप्रवाह गोल फिरू लागतात. ते भोवरा प्रवाह. त्यांच्यामुळेही पोलाद तापते. या दोन्ही आणि काही सूक्ष्म हानी मिळून ‘कोअर लॉस’ किंवा लोहहानी होते.

पत्रा पातळ का, याचे उत्तर भोवरा प्रवाहात आहे. त्यांची हानी जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. जाडी ०.५० वरून ०.२५ मिलिमीटर केली, तर हा भाग एक चतुर्थांशावर येतो.

विजेच्या वारंवारितेचाही संबंध आहे. शेतातील पंपाची मोटर ५० हर्ट्झवर चालते. आठ ध्रुवांची ई-कारची मोटर मिनिटाला १५,००० फेऱ्यांवर असेल, तर तिच्या स्टेटरमधील वारंवारिता १,००० हर्ट्झ होते. चुंबकीय घनता तीच धरली, तर पंपाच्या तुलनेत हिस्टेरिसिस हानी २० पट आणि भोवरा प्रवाहांची हानी ४०० पट होते. प्रत्यक्षात वेग वाढल्यावर घनता कमी ठेवली जाते, म्हणून वाढ एवढी राहत नाही. तरीही पंपात किरकोळ वाटणारा दोष ई-वाहनात महाग का पडतो, हे यावरून कळते.

ताण आल्यावर पोलादाच्या आत नेमके काय घडते?

पोलादाच्या आत अणूंचे छोटे छोटे गट असतात. एका गटातील सगळ्या अणूंचे चुंबकत्व एकाच दिशेला असते. या गटांना डोमेन म्हणतात. वारीत जशी प्रत्येक दिंडी आपापल्या रांगेत एका दिशेने चालते, तसेच काहीसे. बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावले की योग्य दिशेचे गट मोठे होतात, बाकीचे आक्रसतात. गटांमधील सीमा सरकणे जितके सोपे, तितकी हानी कमी.

जेम्स जूल यांनी १८४२ मध्ये दाखवून दिले, की लोखंडाला चुंबकत्व दिले की त्याची लांबी किंचित बदलते. ट्रान्सफॉर्मरजवळ उभे राहिल्यावर जो गुणगुणाट ऐकू येतो, त्यामागे मुख्यतः हाच परिणाम असतो. इटलीचे एमिलिओ विलारी यांनी १८६५ मध्ये याची उलट बाजू मांडली. लोखंडावर यांत्रिक ताण दिला की त्याचे चुंबकीय गुण बदलतात. मोटरवाल्यांची आजची डोकेदुखी म्हणजे हाच ‘विलारी परिणाम’.

सिलिकॉनयुक्त पोलादाला चुंबकत्वाच्या दिशेने थोडे ओढले, तर डोमेन त्या दिशेला वळायला तयार होतात आणि हानी किंचित कमीही होऊ शकते. ओढ फार वाढवली की मात्र ती पुन्हा वाढते. दाबाचे गणित वेगळे आहे. चुंबकत्व ज्या दिशेने वाहायचे आहे त्याच दिशेने दाब दिला, तर डोमेन आडवे वळतात. त्यांना पुन्हा सरळ करायला जास्त क्षेत्र, म्हणजे जास्त प्रवाह लागतो. यामुळे दुहेरी नुकसान होते. पोलादातील हानी वाढते आणि जादा प्रवाहामुळे तांब्यातील हानीही वाढते.

हा ताण तात्पुरता असेल, तर तो काढल्यावर पोलाद पूर्ववत होते. पण पत्रा वाकला, चेपला किंवा कापला गेला, तर स्फटिकांच्या रचनेत कायमचे दोष तयार होतात. डोमेनच्या सीमा त्या दोषांना अडकून बसतात. ते नुकसान आपोआप भरून निघत नाही.

ताण येतो कुठून?

सुरुवात प्रेस शॉपमध्ये होते. प्रोग्रेसिव्ह डायखाली पत्र्याची पट्टी सरकते आणि प्रत्येक ठोक्याला आकार कापला जातो. कापलेल्या कडेजवळचे पोलाद चेपले जाते. हा परिणाम पोलादाचा ग्रेड आणि डायची धार यानुसार काही दशांश मिलिमीटरपासून काही मिलिमीटरपर्यंत आत पोहोचतो.

समजा, तो एक मिलिमीटर आहे. दुचाकीच्या मोटरचा पाच मिलिमीटर रुंदीचा दाता दोन्ही बाजूंनी कापला, तर पाचपैकी दोन मिलिमीटर, म्हणजे ४० टक्के पोलाद बाधित होते. पोलादाचा दर्जा मात्र तपासला जातो तो एप्स्टाइन फ्रेम या जुन्या आणि जगभर मान्य पद्धतीने. त्यात ३० मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या वापरतात. तिथे तोच एक मिलिमीटरचा परिणाम दोन्ही कडा मिळून सात टक्क्यांच्या आसपासच राहतो. म्हणजे प्रमाणपत्रावरचा आकडा रुंद पट्टीचा आणि मोटरमधला दाता अरुंद. ‘एम३५०-५०ए’ या ग्रेडचा अर्थ ०.५० मिलिमीटर जाडी आणि १.५ टेस्ला, ५० हर्ट्झ या स्थितीत किलोमागे जास्तीत जास्त ३.५० वॉट हानी. हे वचन पोलाद कारखान्यातून निघालेल्या पत्र्याचे असते. मोटरमध्ये बसलेल्या पत्र्याला ते लागू होतेच असे नाही.

डायची धार बोथट झाली किंवा पंच आणि डाय यांतील फट चुकली, तर कडेला बर येतो. बर असलेले दोन पत्रे एकमेकांना टेकले की मधला रोधक लेप फुटतो आणि भोवरा प्रवाहांना नवी वाट मिळते. पुढे पत्र्यांची चळत एकत्र धरण्यासाठी वेल्डिंग करतात किंवा पत्र्यांना खाचा पाडून एकमेकांत अडकवतात. दोन्ही पद्धतींत त्या जागी ताण साठतो आणि पत्र्यांमधील रोध कमी होतो.

आवरण घट्ट बसवण्यात काय अडचण आहे?

सर्वांत मोठा दाब शेवटच्या टप्प्यात येतो. स्टेटर ॲल्युमिनियमच्या आवरणात बसवताना आवरण तापवतात. ते फुगते, स्टेटर आत सोडतात, आवरण थंड झाले की आक्रसून स्टेटरला जखडते. याला श्रिंक फिट म्हणतात. बैलगाडीच्या लाकडी चाकावर तापवलेली लोखंडी धाव चढवतात, तीच ही युक्ती.

इतके घट्ट बसवण्याची गरज काय? ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. स्टेटरचा बाहेरचा व्यास २०० मिलिमीटर धरला आणि मोटर चालताना दोघांचे तापमान १०० अंशांनी वाढले, तर आवरण स्टेटरपेक्षा सुमारे ०.२२ मिलिमीटर जास्त फुगते. तेवढी घट्ट बसण आधीच दिली नसेल, तर गरम मोटरमध्ये स्टेटर आवरणात सैल होईल आणि गरकन फिरेल. म्हणून जोडणीच्या वेळी ०.२५ मिलिमीटरची बसण द्यावी लागते, असे समजू.

आता आवरणाची जाडी आठ मिलिमीटर आणि स्टेटरच्या दात्यांमागील कड्याची जाडी १५ मिलिमीटर धरून साध्या कडीच्या सूत्राने हिशेब केला, तर त्या कड्यात सुमारे ४० मेगापास्कल दाब येतो. एका चौरस मिलिमीटरवर सुमारे चार किलोंचा भार. हिमाचलच्या थंडीत तापमान जोडणीच्या वेळेपेक्षा ४० अंशांनी खाली गेले, तर बसण आणखी ०.०९ मिलिमीटरने घट्ट होते आणि दाब तिसऱ्या हिश्शाहून अधिक वाढतो.

यांत्रिक अभियंत्याच्या दृष्टीने ४० मेगापास्कल काहीच नाही. हे पोलाद कायमचे वाकायला ३०० मेगापास्कलहून अधिक ताण लागतो. चुंबकीय दृष्टीने मात्र हाच आकडा त्रासदायक ठरतो. शिवाय दिशेचाही योग जुळून येतो. आवरणाचा दाब कड्याच्या गोलाईने असतो आणि त्या कड्यातून चुंबकत्वही गोलाईनेच वाहते. म्हणजे दाब नेमका नको त्या दिशेने. अशा काही दहा मेगापास्कल दाबाखाली लोहहानी किती वाढेल हे ग्रेड, वारंवारिता आणि चुंबकीय घनतेवर अवलंबून असते. प्रयोगशाळांतील मोजमापांत ३० टक्के वाढ ही काही असाधारण गोष्ट मानली जात नाही.

फिरणाऱ्या रोटरचे काय?

रोटरमध्ये ताण केंद्रोत्सारी बलामुळे येतो. १४० मिलिमीटर व्यासाचा रोटर मिनिटाला १५,००० फेऱ्या घेत असेल, तर त्याची कड ताशी सुमारे ४०० किलोमीटर वेगाने धावते. निव्वळ पातळ कडी धरली तरी तिच्यात ९० मेगापास्कलहून अधिक ओढ येते. चुंबक धरून ठेवणाऱ्या अरुंद पट्ट्यांमध्ये ती याच्या कितीतरी पट होते. रोटरमधील चुंबकत्व स्टेटरइतके उलटसुलट होत नसल्याने तिथे हानीपेक्षा मजबुतीचा प्रश्न मोठा असतो. पट्टी जाड केली तर चुंबकत्व तिच्यातून निसटते, पातळ केली तर तुटण्याची भीती. या दोन टोकांमध्ये मिलिमीटरच्या दशांशांवर घासाघीस चालते.

ग्राहकाच्या रेंजवर किती फरक पडतो?

फरक थोडा पडतो, पण त्याची किंमत थोडी नसते. एक नमुना हिशेब पाहू. कार एकसारख्या वेगाने जाताना मोटरला १० किलोवॉट लागतात, मोटरमध्ये ६०० वॉट वाया जातात आणि त्यातील निम्मे लोहहानीचे आहेत, असे धरू. ताणामुळे लोहहानी ३० टक्के वाढली, तर ९० वॉट जादा जातील. म्हणजे एकूण गरजेच्या ०.९ टक्के. ४०० किलोमीटरची रेंज साडेतीन किलोमीटरने घटेल.

ही तूट भरून काढायला ६० किलोवॉट-तासांच्या बॅटरीत अर्ध्या किलोवॉट-तासाहून थोडी अधिक भर घालावी लागेल. ब्लूमबर्ग एनईएफच्या २०२४ च्या पाहणीत बॅटरी पॅकची जागतिक सरासरी किंमत किलोवॉट-तासाला ११५ डॉलर होती. त्या हिशेबाने एका कारमागे पाच हजार रुपयांच्या आसपास खर्च वाढतो. एक लाख कारसाठी हा आकडा ५० कोटी रुपयांवर जातो. पोलाद आणि जोडणीच्या पद्धतीत सुधारणा करणे त्यापेक्षा बरेच स्वस्त पडू शकते.

दुसरा परिणाम उष्णतेचा आहे. भारतात ई-वाहनाच्या मोटरची निव्वळ शक्ती आणि सलग ३० मिनिटे देता येणारी कमाल शक्ती ‘एआयएस-०४१’ या मानकानुसार मोजली जाते. ३० मिनिटांची शक्ती ठरते ती मोटर किती तापते यावर. म्हणजे घाट चढताना, भर उन्हाळ्यात, मोटर किती वेळ दम धरते याचा संबंध थेट या हानीशी आहे. पुण्यातील वेताळ टेकडीवर मुख्यालय असलेली आणि १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय ही संस्था देशातील वाहन चाचण्यांचे प्रमुख केंद्र आहे. तिचे एक केंद्र चाकणलाही आहे.

हिंजवडीत यावर काय काम होते?

हिंजवडीचे राजीव गांधी इन्फोटेक पार्क आयटीसाठी ओळखले जात असले, तरी तिथे वाहन अभियांत्रिकीचे मोठे काम चालते. केपीआयटी टेक्नॉलॉजीज आणि टाटा टेक्नॉलॉजीज यांची मुख्यालये इथेच आहेत. इथून तासाभराच्या अंतरावर, वाहतूक कोंडी नसेल तर, चाकणमध्ये महिंद्राच्या ‘बीई ६’ आणि ‘एक्सईव्ही ९ई’ या इलेक्ट्रिक एसयूव्ही तयार होतात. आकुर्डीत बजाजने जून २०२२ मध्ये ई-चेतकसाठी स्वतंत्र प्रकल्प सुरू केला.

मोटरची आखणी संगणकावर होते. तिचे हजारो छोटे तुकडे कल्पून प्रत्येक तुकड्यातील चुंबकत्व आणि हानी काढली जाते. या पद्धतीला फायनाइट एलिमेंट विश्लेषण म्हणतात. अडचण अशी, की सॉफ्टवेअरमध्ये भरलेली माहिती बहुतेक वेळा एप्स्टाइन चाचणीची, म्हणजे ताण नसलेल्या पोलादाची असते. त्यामुळे उत्तर प्रत्यक्षापेक्षा चांगले येते. ही तफावत भरायला अभियंते ‘बिल्ड फॅक्टर’ वापरतात. संगणकाने काढलेल्या लोहहानीला दीड किंवा त्याहून मोठ्या आकड्याने गुणायचे, अशी ही ठोकळ पद्धत. मात्र हा गुणक अनुभवावर आधारलेला असतो. हानी पंचिंगमुळे वाढली की आवरणामुळे, हे त्यातून कळत नाही. कारण कळले नाही, तर सुधारणा कुठे करायची हेही कळत नाही.

दुसरा मार्ग कष्टाचा आहे. आधी यांत्रिक विश्लेषणातून प्रत्येक तुकड्यातील दाब आणि ओढ काढायची. मग त्या त्या ताणाखाली पोलाद कसे वागते याची मोजलेली माहिती वापरून चुंबकीय विश्लेषण करायचे. त्यासाठी पत्र्याला ओढत किंवा दाबत असतानाच त्याची हानी मोजणारे खास यंत्र लागते. ओढून मोजणे तुलनेने सोपे आहे. दाबून मोजणे अवघड, कारण ०.३० मिलिमीटरचा पत्रा लांबीच्या दिशेने दाबला की कागदाच्या पट्टीसारखा वाकतो. त्याला दोन्ही बाजूंनी आधार देऊन, पण घर्षण होऊ न देता, मोजावे लागते. प्रत्येक ग्रेडसाठी, प्रत्येक वारंवारितेला हे करायचे म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही आले.

चुंबकांच्या टंचाईशी याचा काय संबंध?

एप्रिल २०२५ मध्ये चीनने काही दुर्मीळ मृदा धातू आणि त्यांपासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. त्याचा फटका थेट पिंपरी-चिंचवड परिसराला बसला. चुंबक मिळाले नाहीत तर ऑगस्टमध्ये ई-चेतकचे उत्पादन शून्यावर येऊ शकते, असे बजाज ऑटोचे व्यवस्थापकीय संचालक राजीव बजाज यांनी जुलैमध्ये जाहीरपणे सांगितले होते. पुढे पुरवठा काही प्रमाणात सुरळीत झाल्यावर उत्पादन पुन्हा सुरू झाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने देशातच असे चुंबक बनवण्यासाठी ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली.

पोलादाचा इथे दुहेरी संबंध येतो. एक, निओडिमियमचे चुंबक तापले की दुबळे पडतात. ते उष्णतेत टिकावेत म्हणून त्यात डिस्प्रोशियम मिसळतात आणि निर्यात परवान्याच्या यादीत डिस्प्रोशियमही आहे. मोटर कमी तापली, तर या धातूची गरज कमी होते. दोन, चुंबकाचा वापर टाळणाऱ्या सिंक्रोनस रिलक्टन्ससारख्या मोटरकडे उद्योग वळू पाहत आहे. अशा मोटरमध्ये फिरण्याचे सगळे बळ पोलादाच्या आकारातून येते. चुंबकाने झाकलेली पोलादाची उणीव तिथे उघडी पडते.

उपाय कोणते?

पहिला उपाय प्रेस शॉपमधला. पत्रा जितका पातळ, तितकी पंच-डायमधील फट अचूक हवी. ०.३० मिलिमीटरच्या पत्र्यासाठी ती साधारण १५ ते ३० मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी ठेवावी लागते. डायला धार किती ठोक्यांनी लावायची, याचे वेळापत्रक पाळणे ही केवळ टूल रूमची शिस्त नसून तिचा हिशेब मोटरच्या वीजखर्चात उमटतो.

दुसरा उपाय भट्टीचा. कापलेले पत्रे नायट्रोजनसारख्या नियंत्रित वायूत साधारण ७५० ते ८०० अंश सेल्सिअसला तापवून हळूहळू थंड केले, की कापण्याचा ताण मोठ्या प्रमाणात निघून जातो. याला स्ट्रेस रिलीफ ॲनीलिंग म्हणतात. पण इथे एक पेच आहे. स्टेटरच्या मधून निघालेल्या गोलातूनच रोटरचा पत्रा कापतात, म्हणजे दोघांचे पोलाद एकच. भट्टीत घातल्यावर पोलाद मऊ होते. स्टेटरला ते चालते, वेगाने फिरणाऱ्या रोटरला चालत नाही. म्हणून बऱ्याचदा स्टेटर भट्टीत जातो, रोटर नाही. शिवाय आवरणाचा दाब भट्टीनंतर येतो, त्यावर हा उपाय चालत नाही.

तिसरा उपाय जोडणीचा. वेल्डिंग किंवा खाचांऐवजी पत्र्यांना खास गोंदाचा लेप देऊन चिकटवता येते. स्टेटर सगळीकडून जखडण्याऐवजी आवरणाला आतून उंचवटे देऊन ठराविक ठिकाणीच धरता येतो, किंवा बोल्ट आणि चावीने बसवता येतो. यात उष्णता बाहेर काढण्याचा रस्ता अरुंद होतो, त्यामुळे थंड ठेवण्याची वेगळी सोय लागते.

चौथा उपाय खरेदीचा. फक्त कमी हानीचा ग्रेड मागवून काम भागत नाही. मोठ्या स्फटिकांचे, जास्त सिलिकॉनचे पोलाद चाचणीत उत्तम दिसते, पण कापल्यावर त्याची घसरणही जास्त होऊ शकते. दोन ग्रेडची तुलना कापलेल्या आणि दाबलेल्या अवस्थेत केली, तर महाग ग्रेडवरचा खर्च वसूल होतो की नाही ते कळते.

ताण नेहमीच घातक असतो का?

नाही. ट्रान्सफॉर्मरच्या पोलादावर मुद्दाम असा काचेसारखा लेप देतात, जो थंड होताना पत्र्याला ताणून धरतो. त्या ओढीने हानी कमी होते. जर्मनीत म्युनिक आणि आखेन येथील संशोधकांनी तर रोटरमध्ये भोके पाडून चुंबकत्व वळवण्याऐवजी, ठराविक जागी ठसे उमटवून ताण निर्माण करायचा आणि त्यानेच चुंबकत्वाला अडवायचे, असे प्रयोग केले आहेत. भोके कमी झाली तर रोटर मजबूत राहतो.

पंप आणि रिवाइंडिंगवाल्यांनाही हे लागू होते का?

होते. मोटर जळाली की जुनी वाइंडिंग काढण्यासाठी स्टेटर भट्टीत किंवा थेट आगीत तापवला जातो. तापमान साधारण ३७० अंशांच्या पुढे गेले, तर पत्र्यांमधील रोधक लेप खराब होण्याचा धोका असतो. नंतर छिन्नी-हातोड्याने वाइंडिंग उपसताना दाते वाकतात आणि पत्रे एकमेकांवर दाबले जातात. रिवाइंड केलेली मोटर आधीपेक्षा जास्त तापते आणि वीजबिल वाढते, अशी तक्रार येते तेव्हा केवळ तांब्याच्या तारेकडे बोट दाखवून भागत नाही. तापमान मोजता येणारी भट्टी आणि दात्यांना धक्का न लावता वाइंडिंग ओढून काढण्याचे साधन यात हा तोटा बराच टळतो.

पुढे काय?

भोसरी, चाकण, तळेगाव परिसरातील लघुउद्योग आजवर ड्रॉइंगमधील मापे आणि टॉलरन्स पाळून सुटे भाग पुरवत आले. मोटरच्या लॅमिनेशनमध्ये माप बरोबर असूनही माल कमी प्रतीचा ठरू शकतो, कारण ताण मोजपट्टीने किंवा व्हर्नियरने दिसत नाही. कापल्यानंतरच्या स्टॅकची लोहहानी मोजून देण्याची मागणी ग्राहक कंपन्यांकडून वाढत जाईल, तसे मोजण्याचे साधन जवळ असलेला पुरवठादार पुढे राहील. हिंजवडीतील आखणी, भोसरीतील डाय, चाकणमधील जोडणी आणि एआरएआयमधील चाचणी ही सगळी साखळी एकाच जिल्ह्यात आहे. डायची धार, बसणीची घट्टता आणि चाचणीचे आकडे हे चारही ठिकाणी एकमेकांना कळवले जातात का, यावर इथल्या मोटरची गुणवत्ता बऱ्याच अंशी ठरणार आहे.